नऊ लिटर पाण्याचा किमयागार

मालवणच्या उत्तरेला समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी लांबवर पसरली आहे. तोंडवली हे गाव याच किनाऱ्यावरचे. उन्हाळ्याच्या सुटीत पुणे-कोल्हापूरकडून निघालेल्या मोटारी फोंडा घाटाने किंवा गगनबावड्याहून करूळ घाटाने कोकणात उतरतात, कणकवलीहून आचऱ्याचा रस्ता धरतात आणि या पट्टीवर येऊन थांबतात. परतताना तोच सह्याद्री चढायचा असतो. गाडीत पाच माणसे, मागे सामान, वातानुकूलन यंत्र सुरू, बाहेर मे महिन्याचे ऊन आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. तरीही समोरचा तापमानाचा काटा मध्यावरून फारसा हलत नाही आणि तो हलत नाही म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. एके काळी बॉनेट उघडून वाफ सोडत घाटात उभ्या असलेल्या गाड्या आणि पत्र्याचा डबा घेऊन झऱ्याकडे धावणारा क्लीनर हे नेहमीचे दृश्य होते. ते दृश्य दुर्मीळ होण्यामागे अनेकांचे श्रम आहेत. मात्र या साऱ्याचा पाया घातला तो जर्मनीतील एका अनाथ मुलाने. त्याचे नाव विल्हेल्म मायबाख.

मायबाख हे नाव आज अतिश्रीमंतांच्या आलिशान गाडीवर दिसते. त्यामुळे हा माणूसही तसाच वैभवात वाढला असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. ९ फेब्रुवारी १८४६ रोजी वुर्टेम्बर्ग राज्यातील हाइलब्रॉन या गावी एका सुताराच्या घरी विल्हेल्मचा जन्म झाला. पाच भावांपैकी तो दुसरा. पुढे कुटुंब स्टुटगार्टला आले. पण तेथे संसार स्थिरावण्याआधीच उद्ध्वस्त झाला. विल्हेल्म आठ वर्षांचा असताना आई गेली आणि दहा वर्षांचा असताना वडीलही गेले. पाच पोरक्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न नातलगांपुढे उभा राहिला. त्यांनी वर्तमानपत्रातून मदतीचे आवाहन केले आणि त्या आवाहनामुळे विल्हेल्मला रॉइटलिंगन येथील ब्रूडरहाउस या संस्थेत आसरा मिळाला.

गुस्टाव वेर्नर या धर्मोपदेशकाने ही संस्था उभी केली होती. अनाथांना नुसते अन्नवस्त्र देऊन भागणार नाही, त्यांच्या हाताला काम हवे, अशी वेर्नर यांची धारणा होती. त्यामुळे संस्थेला जोडूनच कारखाना होता. आपल्याकडे आलेल्या या मुलाची बोटे कागदावर रेघा ओढताना वेगळीच चालतात, हे वेर्नर यांच्या लवकर लक्षात आले. विल्हेल्मला यंत्ररेखनाच्या कामाला लावण्यात आले. दिवसा कारखान्यात काम आणि संध्याकाळी गावातील शाळेत भौतिकशास्त्र, गणित व चित्रकला, असा त्याचा क्रम ठरून गेला. पदवी, विद्यापीठ, घराण्याचा वारसा यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला आले नाही. जे मिळाले ते एवढेच, की कोणतेही यंत्र डोळ्यांपुढे उभे करून ते कागदावर अचूक उतरवण्याची विद्या. ती त्याला आयुष्यभर पुरली.

१८६० च्या दशकात याच कारखान्याची व्यवस्था पाहायला गॉटलिब डाइमलर नावाचा तरुण अभियंता आला. तो विल्हेल्मपेक्षा बारा वर्षांनी मोठा होता. डाइमलर महत्त्वाकांक्षी, धडाडीचा, माणसे आणि पैसा उभा करणारा. मायबाख अबोल, चिकाटीचा, कागद आणि धातू यांच्यात रमणारा. या दोघांची जी जोडी जमली ती डाइमलर यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. १८६९ मध्ये डाइमलर कार्ल्सरूएला गेले आणि मायबाखही मागोमाग गेले. १८७२ मध्ये डाइमलर यांना कोलोनजवळच्या डॉइट्झ येथील गॅस इंजिनांच्या कारखान्यात बोलावणे आले; मायबाख तेथे प्रमुख रचनाकार झाले. निकोलाउस ओटो यांचे चार स्ट्रोकचे इंजिन १८७६ मध्ये याच कारखान्यात जन्मले. एखादी कल्पना प्रयोगशाळेत चालणे आणि तिचे रोज शेकडो तास चालणारे विक्रीयोग्य यंत्र होणे, या दोन गोष्टींमध्ये बरेच अंतर असते. ते अंतर तोडण्याच्या कामात मायबाख यांचा वाटा मोठा होता.

ओटो यांचे इंजिन जड होते आणि त्याची गती मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आत होती. कारखान्याच्या कोपऱ्यात पक्के बसवून ठेवण्यासाठी ते ठीक होते, पण गाडीवर चढवण्याजोगे नव्हते. डाइमलर यांना हवे होते ते हलके, वेगवान इंजिन. ओटो आणि डाइमलर यांचे जमेनासे झाले आणि १८८२ मध्ये डाइमलर यांनी डॉइट्झ सोडले. बायको व लहान मुलगा असलेल्या मायबाख यांनीही बरी नोकरी सोडून पुन्हा त्यांच्यामागे जाण्याचा निर्णय घेतला. स्टुटगार्टजवळच्या कानश्टाट येथे डाइमलर यांच्या बंगल्याच्या बागेतील काचघरात दोघांनी आपली कार्यशाळा थाटली. दारे-खिडक्या बंद करून दिवसरात्र आत काय चालते, हे कोणालाच कळेना. येथे खोटी नाणी पाडली जात असावीत, असा माळ्याला संशय आला आणि त्याने पोलिसांना वर्दी दिली. छाप्यात सापडली ती फक्त हत्यारे आणि इंजिनाचे सुटे भाग.

या बागेतील कार्यशाळेत १८८५ पर्यंत जे इंजिन तयार झाले ते मिनिटाला सुमारे सहाशे फेरे घेत होते. उभ्या लंबकाच्या घड्याळासारखे दिसत असल्यामुळे त्याला त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. ते आधी दुचाकीवर, मग घोडागाडीवर, मग होडीवर बसले. मोटारीच्या इतिहासात हा टप्पा नेहमी वेगाच्या अंगाने सांगितला जातो. मात्र वेगाबरोबर एक अडचणही आली आणि तिने पुढची पंधरा वर्षे मायबाख यांची पाठ सोडली नाही. ती अडचण म्हणजे उष्णता.

इंजिनाच्या नळकांड्यात इंधन जळते तेव्हा आतल्या वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्या वर जाते. पेट्रोलमधून निघालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाके फिरवण्याच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेला भाग इंजिनाच्या धातूत शिरतो. ही तिसरी वाटणी वेळीच बाहेर काढली नाही, तर वंगण जळते, दट्ट्या फुगून अडकतो आणि इंजिन कायमचे बसते. इंजिन जितके लहान आणि जितके वेगवान, तितकी ही उष्णता थोड्या जागेत अधिक साठते. डाइमलर आणि मायबाख यांनी इंजिन लहान व वेगवान केले होते. म्हणजे ज्या गुणामुळे ते गाडीवर चढले, त्याच गुणामुळे ते जळून जाण्याचा धोका वाढला होता.

त्या काळी यावर सर्वांत सोपा उपाय होता तो पाणी उकळू देण्याचा. इंजिनाभोवती पाणी ठेवायचे, त्याची वाफ झाली की ती हवेत सोडायची आणि कमी झालेले पाणी पुन्हा भरायचे. एक लिटर पाण्याची वाफ होताना मोठी उष्णता शोषली जाते, त्यामुळे हा उपाय परिणामकारक होता. पण तो पाणी खाणारा होता. कार्ल बेंझ यांच्या पहिल्या मोटारीत हीच पद्धत होती. १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडीने गेल्या, तेव्हा वाटेत जेथे मिळेल तेथे त्यांना पाणी भरत जावे लागले. बैलाला जसे पाणवठ्यावर थांबवावे लागते, तसेच या नव्या वाहनालाही थांबवावे लागत होते.

पाणी खर्च न करता तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचे, ही मायबाख यांच्या विचाराची दिशा होती. १८८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची पोलादी चाकांची गाडी मांडली गेली. तिचा सांगाडा सायकलप्रमाणे पोकळ नळ्यांचा होता आणि इंजिनाचे पाणी याच नळ्यांमधून खेळवलेले होते. गाडीचा सांगाडा हाच तिचा थंडावा. या गाडीने फ्रेंच उद्योजकांचे लक्ष वेधले आणि पानार व लव्हासॉर या कंपनीने डाइमलर इंजिनांचा परवाना घेतला. फ्रान्समधील मोटार उद्योगाची सुरुवात या परवान्यातून झाली.

यशाच्या पाठोपाठ मायबाख यांच्या आयुष्यात उपेक्षेचा पहिला प्रसंग आला. १८९० मध्ये डाइमलर यांच्या नावाची कंपनी स्थापन झाली. भांडवल पुरवणाऱ्या मंडळींना प्रयोगांपेक्षा लवकर नफा हवा होता. मायबाख यांना देऊ केलेल्या अटी त्यांना मान्य होण्यासारख्या नव्हत्या आणि १८९१ च्या प्रारंभीच ते कंपनीबाहेर पडले. ज्याच्या रेखाटनांवर कंपनी उभी होती, तोच बाहेर आणि कंपनी आत, अशी स्थिती झाली. डाइमलर यांनी मात्र त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. कानश्टाटमधील हॉटेल हेर्मान या बंद पडलेल्या हॉटेलच्या दालनात मायबाख यांनी डाइमलर यांच्या पाठबळावर आपले काम चालू ठेवले. पेट्रोल बारीक फवाऱ्याने हवेत मिसळणारा कार्बोरेटर त्यांनी १८९३ मध्ये तयार केला तो याच काळात. पुढे कित्येक दशके जगभरातील मोटारी याच तत्त्वावर धावल्या.

इकडे कंपनीची अवस्था बिकट होत गेली. १८९५ मध्ये फ्रेडरिक सिम्स या उद्योजकाने ब्रिटनसाठी नव्या इंजिनाचे हक्क घेण्याची तयारी दाखवली आणि साडेतीन लाख मार्क देऊ केले. परंतु डाइमलर यांना परत आणले पाहिजे, अशी अट घातली. डाइमलर परतले आणि मायबाखही तांत्रिक प्रमुख म्हणून परतले. १८९७ मध्ये त्यांनी नळ्यांचा रेडिएटर बनवला. पाण्याच्या पेटीतून अनेक बारीक नळ्या आरपार नेलेल्या, नळ्यांतून वारा जाणार आणि बाहेरून पाणी फिरणार. मागे पंखा. जुन्या पद्धतीपेक्षा हे पाऊल बरेच पुढचे होते, पण तरीही गाडीला अठरा लिटर पाणी वाहावे लागत होते. गाडी जड, आणि जड गाडीला मोठे इंजिन, मोठ्या इंजिनाला जास्त पाणी, असे हे दुष्टचक्र होते.

ते चक्र तुटले त्याला एक अपघात कारणीभूत झाला. ६ मार्च १९०० रोजी डाइमलर यांचे निधन झाले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला फ्रान्समधील नीस येथे घाट चढण्याच्या शर्यतीत कंपनीच्या गाडीला अपघात होऊन विल्हेल्म बाउअर हा चालक मरण पावला. उंच, आखूड आणि जड गाडी वळणावर आवरली नव्हती. अशा गाड्या घेऊन शर्यतीत उतरणे थांबवावे, असे कंपनीत अनेकांना वाटले. नीसमध्ये राहणारा एमिल येलिनेक हा श्रीमंत व्यापारी मात्र वेगळ्या मताचा होता. दोष शर्यतीचा नसून गाडीच्या घडणीचा आहे, असे त्याचे म्हणणे होते. अधिक लांब, जमिनीला लगटून धावणारी, हलकी आणि अधिक ताकदीची गाडी बनवा, मी ती विकत घेतो, असा प्रस्ताव त्याने ठेवला. एकूण साडेपाच लाख मार्कांच्या छत्तीस गाड्यांची मागणी त्याने नोंदवली. या गाडीला आपल्या मुलीचे नाव द्यावे, एवढीच त्याची आणखी एक अट होती. मुलीचे नाव होते मर्सिडीज.

सोबती नुकताच गेलेला, संचालक मंडळात आपुलकीचे कोणी नाही आणि समोर काही महिन्यांत अशक्य वाटणारी मागणी, अशा परिस्थितीत चौपन्न वर्षांचे मायबाख कामाला लागले. पस्तीस अश्वशक्तीचे, चार नळकांड्यांचे, सुमारे सहा लिटर क्षमतेचे इंजिन त्यांनी आखले. एवढ्या ताकदीचे इंजिन खालच्या सांगाड्यात बसवायचे तर जुना अवजड रेडिएटर निरुपयोगी होता. मायबाख यांनी गोल नळ्यांऐवजी सहा मिलिमीटर रुंद व तेवढ्याच उंच अशा चौकोनी नळ्या घेतल्या. अशा ८०७० नळ्या एकमेकींशेजारी रचून डाख दिला, तेव्हा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एक चौकट तयार झाली. गोल नळ्या शेजारी ठेवल्या की मधे वेड्यावाकड्या मोठ्या फटी राहतात आणि त्यांत पाणी साचते. चौकोनी नळ्यांमध्ये फट सर्वत्र सारखी आणि अरुंद राहते. पाणी पातळ थराने सरकते आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक थेंब थंड धातूला लागून जातो. अठरा लिटर पाण्याचे काम नऊ लिटरमध्ये होऊ लागले. गाडी हळू चालत असतानाही वारा मिळावा म्हणून मागे लहान पंखा होताच.

पहिली मर्सिडीज २२ डिसेंबर १९०० रोजी येलिनेकच्या ताब्यात देण्यात आली. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींमध्ये या गाड्यांनी लांब पल्ल्याची, वेगाची आणि घाटाची अशा तिन्ही प्रकारांत बाजी मारली. ज्या घाटावर वर्षापूर्वी बाउअर गेला, त्याच घाटावर हा विजय मिळाला. घोडागाडीला इंजिन जोडल्यासारखी दिसणारी मोटार मागे पडली आणि पुढे रेडिएटर, त्यामागे इंजिन, मग चालक, अशी आज ओळखीची झालेली रचना रूढ झाली. गाडीच्या तोंडाशी दिसणारी जाळी ही पुढे मोटारीची ओळख बनली, तिचे मूळ या पोळ्यात आहे. फ्रान्समध्ये मायबाख यांना रचनाकारांचा राजा हे बिरुद मिळाले.

घरी मात्र या राजाचे राज्य लवकरच संपले. डाइमलर यांच्या पश्चात कंपनीत त्यांची बाजू घेणारा वजनदार माणूस उरला नव्हता. महत्त्वाचे निर्णय त्यांना बाजूला ठेवून होऊ लागले. साठी ओलांडलेल्या मायबाख यांनी १९०७ मध्ये कंपनी सोडली आणि प्रमुख रचनाकाराची जागा डाइमलर यांचे पुत्र पाउल यांच्याकडे गेली. मायबाख यांच्या जीवनातील हा दुसरा आणि अधिक बोचरा वियोग होता. पहिल्या वेळी डाइमलर पाठीशी होते. या वेळी कोणी नव्हते.

तरीही ते थांबले नाहीत. ऑगस्ट १९०८ मध्ये काउंट झेपेलिन यांचे अवाढव्य हवाई जहाज एष्टरडिंगन येथे वादळात सापडून जळाले. मायबाख यांनी झेपेलिन यांच्याशी संपर्क साधून हवाई जहाजासाठी अधिक विश्वासार्ह इंजिन करून देण्याची तयारी दाखवली. त्यातून १९०९ मध्ये नवी कंपनी उभी राहिली आणि तिची धुरा त्यांचा मुलगा कार्ल याने सांभाळली. हीच कंपनी पुढे मायबाख या नावाने ओळखली गेली आणि पहिल्या महायुद्धानंतर तिने आलिशान मोटारी बनवल्या. आज ज्या नावाची श्रीमंती मिरवली जाते ते नाव गाडीवर आले ते मुलाच्या कर्तबगारीमुळे. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या विल्हेल्म यांना १९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली.

मायबाख यांनी पाणी निम्मे केले आणि ते कायम गाडीत फिरत ठेवले. त्यामुळे एक नवा प्रश्न जन्माला आला. उकळून उडून जाणारे पाणी रोज नवे भरले जात होते. आता तेच थोडे पाणी, अरुंद वाटांमधून, महिनोन्‌महिने फिरणार होते. मग ते पाणी कसले आहे, याला महत्त्व आले. पाण्यातील क्षार तापलेल्या धातूवर पुटासारखे बसतात. घरातील गिझरमध्ये जे होते तेच येथेही होते. हे पूट उष्णतेला अडवते आणि बारीक वाटा बुजवते. शिवाय युरोपच्या हिवाळ्यात पाणी गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि इंजिनाचा ओतीव ठोकळा फोडून टाकते. म्हणून मोटारवाले पाण्यात मद्यार्क, ग्लिसरीन, कधी मीठसुद्धा मिसळून पाहत. मद्यार्क उडून जाई, ग्लिसरीन दाट होई आणि मीठ धातू खाऊन टाकी.

यावरचा टिकाऊ उपाय रसायनशास्त्राने आधीच शोधून ठेवला होता. चार्ल्स अडॉल्फ व्हुर्ट्‌झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या दशकात, म्हणजे विल्हेल्म पोरका झाला त्याच सुमारास, इथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य प्रथम तयार केले होते. ते मोटारीत आले मात्र १९२० च्या दशकात. ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळले तर मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि शंभर अंशांच्या बऱ्याच वर जाईपर्यंत उकळतही नाही. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवणारे असल्याने उत्कलनबिंदू आणखी वर जातो. सह्याद्रीच्या घाटात बर्फाची भीती नाही, पण ही दुसरी बाजू अत्यंत मोलाची आहे. त्यासोबत येणारी गंजरोधक द्रव्ये त्याहून मोलाची, कारण मायबाख यांच्या काळी पितळ-तांब्याचे असणारे रेडिएटर आज ॲल्युमिनियमचे असतात.

निम्मे चांगले तर पूर्ण का नको, हा मोह स्वाभाविक आहे, पण तो चुकीचा आहे. उष्णता वाहून नेण्यात पाण्याची बरोबरी ग्लायकॉल करू शकत नाही. त्याची क्षमता पाण्याच्या जेमतेम साठ टक्के भरते. शुद्ध ग्लायकॉल गोठतेही शून्याखाली तेरा अंशांच्या आसपास, म्हणजे मिश्रणाच्या कितीतरी आधी. रोल्स-रॉइसच्या मर्लिन या प्रसिद्ध विमान इंजिनात प्रथम निव्वळ ग्लायकॉल वापरले गेले आणि अनुभवांती सत्तर टक्के पाणी व तीस टक्के ग्लायकॉल अशा दाबाखालील मिश्रणाकडे वळावे लागले. थोडक्यात, उष्णता नेते ते पाणीच. ग्लायकॉल त्या पाण्याची राखण करते.

म्हणूनच कूलंट निवडताना गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार पाहणे हा पहिला नियम ठरतो. हिरवा, गुलाबी, नारिंगी या रंगांना सर्वमान्य प्रमाण नाही. रंग सारखा असूनही आतली गंजरोधक द्रव्ये भिन्न असू शकतात. न जुळणारी दोन मिश्रणे एकत्र आली तर गंजरोधक निकामी होतात, प्रसंगी त्यांचा चिकट गाळ होऊन रेडिएटरच्या वाटा बुजतात. डब्यावर वापरण्यास तयार असे लिहिले असेल तर त्यात पाणी घालायचे नाही. अर्क असेल तर तो डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळायचा. येथे एक साधा हिशेब अनेकदा चुकतो. सहा लिटर क्षमतेची यंत्रणा पाण्याने धुऊन रिकामी केली तरी इंजिनाच्या पोटात दीड-दोन लिटर पाणी उरते. त्यावर निम्मे-निम्मे मिश्रण ओतले तर प्रमाण बिघडते. आधी पूर्ण क्षमतेच्या निम्मा, म्हणजे तीन लिटर अर्क ओतायचा आणि मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची, म्हणजे प्रमाण बरोबर साधते.

तोंडवलीसारख्या गावी या नियमांचे महत्त्व अधिक जाणवते. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेल्या पट्टीवर विहिरींचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस मचूळ होण्याचा धोका असतो. माणसाच्या जिभेला जेमतेम कळणारा हा खारटपणा ॲल्युमिनियमला मात्र लगेच कळतो आणि धातूला बारीक छिद्रे पडू लागतात. पाणी कमी झालेच तर इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे, कारण तापलेले झाकण उघडताच वाफ अंगावर येते आणि गरम इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. अडीअडचणीला पिण्याचे गोडे पाणी घातले तरी घरी पोहोचताच ते काढून योग्य मिश्रण भरावे. वाळू आणि खारा वारा यांनी माखलेली रेडिएटरची जाळीही गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी, कारण उष्णता शेवटी तेथूनच वाऱ्याला मिळते. काढलेले कूलंट गटारात किंवा उघड्यावर ओतू नये. ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असते आणि कुत्र्या-मांजरांचा तसेच लहान मुलांचा त्यामुळे जीव जाऊ शकतो.

विल्हेल्म मायबाख यांचे २९ डिसेंबर १९२९ रोजी स्टुटगार्ट येथे निधन झाले, तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर विसावले होते, तेथेच त्यांनाही चिरविश्रांती मिळाली. डाइमलर यांचे नाव कंपनीला राहिले, येलिनेकच्या मुलीचे नाव गाडीला मिळाले, मायबाख हे नाव मुलाच्या इंजिनांवर आणि गाड्यांवर कोरले गेले. विल्हेल्म यांचे स्वतःचे काम मात्र नाव नसलेल्या जागी आहे. महागड्या गाडीत आहे तसेच ते सर्वांत स्वस्त गाडीतही आहे, ट्रकमध्ये आहे आणि एसटीतही आहे. करूळ घाटाच्या चढावर तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहतो, तेव्हा बॉनेटखाली काही लिटर पाणी पातळ थराने धातूला लागून जात असते आणि थंड होऊन पुन्हा इंजिनाकडे परतत असते. १९०० साली कानश्टाटमध्ये त्या अबोल माणसाने आठ हजार नळ्या रचून त्याला हीच वाट घालून दिली होती.